हवेलीतला उजेड आणि कॅमेऱ्याची निवड

डिजिटल कॅमेरा विकत घेताना ग्राहकासमोर वैशिष्ट्यांची जी यादी ठेवली जाते, तिच्यात मेगापिक्सेल किती, झूम किती पट, सेकंदाला किती चित्रे निघतात, चलचित्रण फोर-के आहे की एट-के, अशा गोष्टी आकड्यांत मांडलेल्या असतात. आकड्यांची तुलना सोपी असल्यामुळे मोठ्या आकड्याचा कॅमेरा चांगला, हा निष्कर्ष आपोआप काढला जातो. परंतु ज्या चित्रासाठी कॅमेरा घ्यायचा त्या चित्राविषयी ही यादी काहीच सांगत नाही. चित्राचा विषय स्थिर आहे की हलता, तो किती अंतरावर आहे, त्याच्यावर पडणारा उजेड किती आणि कुठला, आणि तयार झालेले चित्र शेवटी कुठे वापरले जाणार, या चार प्रश्नांची उत्तरे घेणाऱ्यालाच ठाऊक असतात आणि ती त्याने दुकानाची पायरी चढण्यापूर्वीच शोधलेली बरी. हे प्रश्न तपासून पाहण्यासाठी दादरा-नगर हवेलीसारखा मुलूख सापडणे कठीण आहे, कारण छायाचित्रणाच्या एकमेकींना छेद देणाऱ्या गरजा येथे अगदी थोड्या मैलांच्या आत शेजारी-शेजारी नांदतात.

मराठी वाचकाला येथल्या सिल्वासाचे नाव मुख्यतः १९५४ च्या मुक्तिलढ्यामुळे परिचित आहे. सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे यांच्यासारखी माणसे ज्या लढ्यात उतरली होती, त्यातून २ ऑगस्ट १९५४ रोजी हे ठाणे पोर्तुगीज सत्तेपासून मुक्त झाले. ११ ऑगस्ट १९६१ रोजी दादरा-नगर हवेलीचा हा प्रदेश भारतात रीतसर विलीन झाला आणि २६ जानेवारी २०२० पासून तो दमण व दीवसह एकाच केंद्रशासित प्रदेशाचा भाग आहे. क्षेत्रफळ अवघे ४९१ चौरस किलोमीटर, त्यातील सुमारे चाळीस टक्के वनाच्छादित, आणि २०११ च्या जनगणनेनुसार ३,४३,७०९ लोकवस्तीपैकी निम्म्याहून अधिक माणसे वारली, कोकणा, धोडिया, काथोडी अशा आदिवासी समाजांची. नाशिक जिल्ह्यात उगम पावणारी दमणगंगा येथे मधुबन धरणात अडवली गेली आहे आणि त्या जलाशयाच्या काठी दुधनीसारखी ठिकाणे वसली आहेत. दुसरीकडे सिल्वासा शहराभोवती प्लॅस्टिक आणि कृत्रिम धाग्याचे कारखाने उभे आहेत, देशभरातून आलेले कामगार तेथे राहतात, आणि जून ते सप्टेंबर या काळात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस या सगळ्यावर कोसळतो.

यातला पहिला विषय वारल्यांच्या घराच्या भिंतीवर आहे. लग्नप्रसंगी घराच्या आतल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, ज्याच्या मध्यभागी पालघट देवी असते. भिंत शेण-मातीने सारवून तिच्यावर गेरूचा हात दिलेला असतो आणि रेषा पांढरी. डहाणूच्या जिव्या सोमा मशे यांच्यामुळे ही कला कागदावर आणि कापडावर आली आणि जगभर पोचली; त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. कागदावरचे चित्र टिकते. भिंतीवरचे मात्र पुढच्या सारवणीखाली जाते, आणि म्हणून त्याची छायाचित्राने केलेली नोंद ही पुष्कळदा एकमेव नोंद असते. अशा नोंदीसाठी महागडा कॅमेरा लागतो असे गृहीत धरले जाते, आणि ते चुकीचे आहे. भिंत हलत नाही. घरात उजेड कमी असला तरी कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवून एक सेकंदभर, किंवा दोन सेकंदही, प्रकाश आत घेता येतो, म्हणजे उजेडाची उणीव वेळेने भरून निघते. दोन मीटर रुंदीची भिंत २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने टिपली तर चित्राची रुंदी ६,००० पिक्सेल, म्हणजे भिंतीच्या प्रत्येक मिलिमीटरला तीन पिक्सेल मिळतात. १२ मेगापिक्सेलच्या साध्या कॅमेऱ्यानेही दोन मिळतात. बोटभर किंवा काडीभर जाडीची पांढरी रेषा ओळखण्यास आणि तिचा काठ पाहण्यास इतके पुरेसे आहे.

येथे खरी अडचण प्रकाशमापनाची आहे आणि ती कुठल्याही यादीत छापलेली नसते. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम उजळ आहे असे धरून चालतो; गडद गेरूची मोठी भिंत समोर आली की त्याला ती काळोखी वाटते, तो गरजेपेक्षा जास्त प्रकाश आत घेतो, आणि त्यात पांढऱ्या रेषांचा तपशील जळून जातो, शिवाय गेरूचा तांबडेपणा भडक नारिंगी होतो. यावर उपाय दोन आहेत. पहिला म्हणजे मापकाने सुचवलेल्यापेक्षा कमी प्रकाश घेण्याची सोय, जी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन या नावाने जवळजवळ प्रत्येक कॅमेऱ्यात असते. दुसरा म्हणजे रॉ फाइल, अर्थात संवेदकावर पडलेल्या प्रकाशाची कच्ची नोंद: नेहमीच्या जेपेग चित्रात प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, तर चौदा बिटांच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४, आणि म्हणून रंग नंतर सुधारायला तिच्यात वाव राहतो. भिंतीच्या चौकटीत कोपऱ्यात एक करडे पत्रक धरून एक चित्र घेतले की गेरूचा खरा रंग कोणता होता याचा पुरावाही राहतो. मेगापिक्सेल येथे फक्त एकाच प्रसंगी निर्णायक ठरतात: एखाद्या संग्रहालयाला ती भिंत मूळ आकारात छापून हवी असेल तर. एका इंचात ३०० ठिपके या मापाने मिलिमीटरला सुमारे बारा पिक्सेल, म्हणजे दोन मीटरला साडेतेवीस हजारांहून अधिक पिक्सेल लागतात. इतक्या रुंदीचे चित्र बाजारातल्या कुठल्याही नेहमीच्या कॅमेऱ्यात एका दमात निघत नाही. तेव्हा भिंतीचे एकमेकांवर थोडे चढणारे तुकडे ओळीने टिपून संगणकावर जोडावे लागतात, आणि ते काम चांगल्या तिपाईवरच्या जुन्या कॅमेऱ्यानेही उत्तम होते.

आता त्याच घराच्या अंगणात येऊ. भातकापणीनंतर, दिवाळीच्या सुमारास, तारपा वाजू लागतो. वाळवलेला दुधी, बांबूच्या नळ्या आणि ताडाचे पान यांपासून बनवलेले हे फुंकवाद्य वाजवणारा मध्यभागी चालतो आणि नाचणाऱ्यांची साखळी, एकमेकांच्या कमरेला हात घालून, त्याच्याभोवती गुंडाळत आणि उलगडत जाते. तारप्याकडे पाठ फिरवायची नाही हा नाचाचा नियम. वारली चित्रांतले ते प्रसिद्ध नागमोडी वर्तुळ हेच. नाच रात्री असतो, उजेड असतो तो शेकोटीचा किंवा एखाद्या दिव्याचा, आणि सगळी माणसे सतत हलत असतात. भिंतीपाशी वापरलेली युक्ती येथे निरुपयोगी ठरते, कारण तिपाई कॅमेऱ्याला स्थिर करते, नाचणाऱ्याला करत नाही. समजा एखादे पाऊल सेकंदाला दोन मीटर वेगाने पुढे पडत आहे. शटर, म्हणजे प्रकाशाला वाट देणारी झडप, १/३० सेकंद उघडी राहिली तर तेवढ्यात ते पाऊल साडेसहा सेंटीमीटर सरकते आणि चित्रात फासटून जाते, पण झडप १/२५० सेकंदच उघडली तर ते फक्त आठ मिलिमीटर सरकते. म्हणजे नाचासाठी झडप आठपट लवकर मिटायला हवी, आणि त्या थोड्या वेळात तेवढाच प्रकाश आत यायला हवा. हा प्रकाश आणायचा कुठून, हा तारपा नाचाच्या छायाचित्रणाचा गाभ्याचा प्रश्न आहे.

त्याची उत्तरे दोन ठिकाणी मिळतात: भिंगात किंवा संवेदकात. संवेदक, अर्थात सेन्सर, ही फिल्मची जागा घेणारी सिलिकॉनची चकती होय; तिचे मूळ १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी शोधलेल्या सीसीडीत आहे, ज्यासाठी त्यांना २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्ये तिच्यावर बांधलेला पहिला डिजिटल कॅमेरा अवघ्या दहा हजार पिक्सेलचे चित्र कॅसेटवर नोंदवायला २३ सेकंद घेत असे. प्रकाश हा फोटॉन नावाच्या कणांनी येतो आणि हे कण पावसाच्या थेंबांसारखे अनियमित पडतात. एका पिक्सेलवर शंभर कण पडले तर त्यांच्या मोजणीत सरासरी दहाची, म्हणजे दहा टक्क्यांची चढउतार असते, दहा हजार पडले तर शंभराची, म्हणजे एकाच टक्क्याची. अंधारातल्या चित्रात दिसणारे रवे ते हेच. मोठ्या संवेदकावर अधिक कण पडतात, हे वैशिष्ट्यांच्या यादीतले खरोखर महत्त्वाचे सत्य आहे: फुल-फ्रेम संवेदक ३६ बाय २४, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटरचा, त्याच्याखालचा एपीएस-सी सुमारे ३६७ चा, आणि खिशातल्या लहान कॅमेऱ्यातला जेमतेम २८ चा. फुल-फ्रेमकडे वळल्याने एपीएस-सीच्या तुलनेत सव्वादोन पटींहून थोडा अधिक प्रकाश हाती येतो आणि त्यासाठी पुष्कळ पैसे मोजावे लागतात.

भिंगाच्या बाजूने हिशेब वेगळा निघतो. ॲपर्चर, म्हणजे भिंगातून प्रकाश आत येण्याचे छिद्र, एफ या अंकाने मोजतात आणि अंक जितका लहान तितके छिद्र मोठे. कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या १८ ते ५५ मिलिमीटरच्या किट लेन्सचे छिद्र ५५ मिलिमीटरवर बहुधा एफ ५.६ इतकेच उघडते. पन्नास मिलिमीटरची साधी प्राइम लेन्स, म्हणजे झूम नसलेले एकाच अंतराचे भिंग, एफ १.८ पर्यंत उघडते. या दोहोंतला फरक जवळजवळ दहापट प्रकाशाचा आहे. किट लेन्सने १/३० सेकंदात जितका प्रकाश येतो तितका या भिंगाने १/२५० सेकंदातच येतो, आणि बहुतेक कंपन्यांच्या यादीत हे सर्वांत स्वस्त भिंगांपैकी एक असते. सव्वादोन पटींसाठी नवा कॅमेरा, की दहा पटींसाठी एक भिंग, अशी ही निवड आहे आणि तारपा नाचाच्या बाबतीत तिचे उत्तर निःसंशय भिंगाच्या बाजूने आहे. त्याची किंमत दुसऱ्या रूपात द्यावी लागते हेही येथेच सांगितले पाहिजे: एपीएस-सी कॅमेऱ्यावर असे भिंग पूर्ण उघडून पाच मीटरवरचा नर्तक टिपला तर सुमारे पाऊण मीटर खोलीपुरतेच दृश्य स्पष्ट राहते, म्हणून साखळीतला एक चेहरा आणि त्याचा शेजारी स्वच्छ, बाकीचे मऊ. साखळी संपूर्ण दाखवायची तर मागे सरकावे लागते किंवा अधिक रुंद कोनाचे भिंग घ्यावे लागते. फ्लॅशचा पर्याय तांत्रिकदृष्ट्या असतो, परंतु तो शेकोटीचा उजेडच पुसून टाकतो आणि नाचणाऱ्यांचा लय-ताल मोडतो. नाच ज्या उजेडात चालतो तो उजेड हा त्या नाचाचाच भाग आहे.

मोबाइलचा प्रश्न येथे टाळून चालणार नाही, कारण २०१० साली जगात सुमारे बारा कोटी डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते आणि २०२३ मध्ये हा आकडा ऐंशी लाखांच्याही खाली आला, तो मोबाइलमुळेच. मोबाइलचा रात्रीचा प्रकार अनेक चित्रे एकापाठोपाठ घेऊन त्यांची सरासरी काढतो, आणि त्यामुळे एवढासा संवेदकही वारल्याच्या भिंतीचे, रिकाम्या अंगणाचे किंवा दिवेलागणीच्या दमणगंगेचे सुंदर चित्र देतो. विषय हलता असला की ही सरासरी अडते आणि नर्तकाचे हात दुहेरी किंवा पारदर्शक दिसू लागतात. ज्याला घरच्या माणसांची, सहलीची, दिवसाउजेडीची चित्रे हवी आहेत आणि ती मोबाइलवरच पाहायची आहेत त्याने वेगळा कॅमेरा घेऊ नये, हे स्पष्टपणे सांगायला हवे.

साधनाची निवड ठरलेल्या कामावरून करण्याची परंपरा या भागात जुनी आहे. मुंबईत छायाचित्रकारांची संस्था १८५४ मध्ये स्थापन झाली आणि भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या भारतीय सभासदांपैकी एक होते. दादासाहेब फाळके यांनी चित्रपटाकडे वळण्यापूर्वी गोध्र्यात छायाचित्रणाचा व्यवसाय केला होता; १९१२ मध्ये ते लंडनला गेले तेव्हा त्यांनी विल्यमसन कॅमेऱ्याबरोबर फिल्मच्या कडांना छिद्रे पाडणारे यंत्र आणि प्रती छापण्याचे यंत्रही घेतले, कारण कच्ची फिल्म छिद्रांविना येत असे आणि मुंबईत ती पाडून देणारे कोणी नव्हते. परतल्यावर त्यांनी कुंडीत पेरलेल्या वाटाण्याची वाढ सुमारे महिनाभर एकेक चौकट टिपून लघुपटात बांधली, आणि ती पाहून भांडवल देणाऱ्यांचा विश्वास बसला. कामाची पूर्ण साखळी डोळ्यांसमोर ठेवून तिच्यात जे तुटत होते तेवढेच त्यांनी घेतले. आज कॅमेऱ्यावर सगळा पैसा ओतून तिपाई, कार्ड आणि चित्रे साठवायची हार्ड डिस्क यांसाठी काही न उरवणाऱ्या ग्राहकाने फाळक्यांचे हे सामान आठवावे. सिल्वासाहून फार दूर नसलेल्या नवसारीत १९१३ मध्ये जन्मलेल्या होमाई व्यारावाला यांनी देशातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून जी कामगिरी केली ती स्पीड ग्राफिक आणि रोलायफ्लेक्स या कॅमेऱ्यांवर. रोलायफ्लेक्सच्या एका रिळात बारा चित्रे, आणि स्पीड ग्राफिकमध्ये प्रत्येक चित्रासाठी फिल्मचा नवा पत्रा. सेकंदाला किती चित्रे निघतात हा प्रश्नच त्यांच्यासमोर नव्हता. कुठे उभे राहायचे आणि कोणत्या क्षणी झडप दाबायची, हे त्यांना आधी ठरवावे लागे.

दुधनीच्या पाण्यावर मात्र ही सगळी गणिते उलटतात. जलाशयावरचा पक्षी जवळ येत नाही, आणि नाव हलत असते. सतरा सेंटीमीटर लांबीचा लहान खंड्या वीस मीटरवर बसला आहे आणि भिंग ३०० मिलिमीटरचे आहे असे धरले, तर संवेदकावर त्याची प्रतिमा अडीच मिलिमीटरची पडते, मग कॅमेरा कुठलाही असो. ही अडीच मिलिमीटर प्रतिमा २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी संवेदकावर सुमारे ६५० पिक्सेल व्यापते आणि तितक्याच मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेमवर सुमारे ४२५, कारण मोठ्या संवेदकावर तेच पिक्सेल विरळ पसरलेले असतात. शेकोटीपाशी उपयोगी पडणारा मोठा संवेदक पक्ष्याजवळ नुकसानीचा ठरतो, आणि स्वस्त कॅमेरा येथे अधिक पिसे दाखवतो. खूप लांब झूमचे, न बदलणाऱ्या भिंगाचे कॅमेरेही याच कामासाठी विकले जातात. २०१८ च्या निकॉन पी१००० मध्ये १२५ पट झूम आहे, पण त्याचा संवेदक खिशातल्या कॅमेऱ्याएवढाच लहान असल्यामुळे भर दुपारी मिळणारे चित्र सायंकाळी मिळत नाही. डिजिटल झूमला तर झूम म्हणूच नये, कारण तो चित्राचा मधला तुकडा कापून मोठा करतो, इतकेच. प्रतिमास्थिरीकरण, म्हणजे हाताचा कंप खाऊन टाकणारी यंत्रणा, नावेच्या हलण्यावर काही अंशी चालते आणि पक्ष्याच्या उडण्यावर मुळीच चालत नाही; तेथे १/१००० सेकंदाचे शटर आणि सकाळचे ऊन यांचाच आधार. पक्ष्याचा डोळा ओळखून त्याच्यावर केंद्र धरून ठेवणारी अलीकडच्या मिररलेस कॅमेऱ्यांतली, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांतली यंत्रणा हे मात्र या कामासाठी पैसे मोजण्याजोगे वैशिष्ट्य आहे.

शहरातल्या स्टुडिओवाल्याची गरज पुन्हा निराळी. पासपोर्टसाठीच्या ३५ बाय ४५ मिलिमीटर छायाचित्राला सव्वादोन लाख पिक्सेल पुरतात. तेथे सारे काम दिव्यांचे आहे, आणि दोन चांगले दिवे घेणाऱ्याची चित्रे नवा कॅमेरा घेणाऱ्याच्या चित्रांपेक्षा सरस निघतात. लग्नाचे चलचित्रण करणाऱ्याने यादीतले वेगळे रकाने वाचावेत: कार्डाच्या दोन खाचा, कारण लग्न पुन्हा लागत नाही आणि एक कार्ड बिघडले तरी दुसऱ्यावर प्रत राहते, बाहेरचा माइक लावण्याची जागा, आणि सलग किती वेळ चित्रण होते हा आकडा, कारण युरोपातील जकातीच्या नियमांमुळे अनेक जुन्या कॅमेऱ्यांत ते २९ मिनिटे ५९ सेकंदांवर थांबत असे. त्याहून महत्त्वाची गोष्ट यादीत नसते. भारतातली वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून मंडपातले पुष्कळसे दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. कॅमेरा अमेरिकी प्रघातानुसार ३० चौकटी आणि १/६० शटरवर ठेवला तर चित्रावर काळे पट्टे सरकताना दिसतात, आणि २५ चौकटी व १/५० वर आणला की ते जातात. वधूवरांच्या चेहऱ्यावरून पट्टे सरकणारी चित्रफीत हा कॅमेऱ्याचा दोष म्हणून परत नेली जाते, आणि इलाज मेनूतल्या एका निवडीत असतो.

पावसाळ्याचा मुद्दा थोडा विस्ताराने मांडणे भाग आहे, कारण कोकणपट्टीपासून हवेलीपर्यंतच्या सगळ्या किनाऱ्यालगतच्या मुलखात कॅमेरे वापरून जितके खराब होत नाहीत तितके कपाटात पडून होतात. हवेतील आर्द्रता दीर्घकाळ साठ-सत्तर टक्क्यांच्या वर राहिली की भिंगाच्या काचांमध्ये बुरशी धरते. तिचे कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू काचेवरचे लेपन खातात आणि चित्र धुकट होते, आणि एकदा खोलवर गेलेली बुरशी काढण्याचा खर्च पुष्कळदा भिंगाच्या किमतीशी स्पर्धा करतो. उपाय स्वस्त आहेत: हवाबंद प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा लहान मापक, जो ४० ते ५० टक्क्यांदरम्यान ठेवावा, अधिक साहित्य असेल तर विजेवर चालणारे ड्राय कॅबिनेट. कातडी पिशवीत कॅमेरा गुंडाळून ठेवणे सर्वांत वाईट, कारण कातडे ओल धरते. कॅमेऱ्यावर हवामानरोधक असे लिहिलेले असते तेव्हा त्याचा अर्थ सांध्यांना रबराच्या पट्ट्या आहेत एवढाच असतो. ओएम-१ सारख्या थोड्या कॅमेऱ्यांना आयपी५३ असा मोजलेला दर्जा आहे, बहुतेकांना कुठलाच नाही, आणि पाण्याने बिघडलेला कॅमेरा सामान्यतः वॉरंटीत बसत नाही. आषाढात खानवेलच्या रस्त्यावर हिरवा डोंगर टिपण्यासाठी प्लॅस्टिकची साधी टोपी आणि कोरडा पंचा यांचा भरवसा अधिक.

खरेदीपूर्वी करण्याजोगी एक तपासणी फारशी कोणी करत नाही. मोबाइल किंवा जुन्या कॅमेऱ्याच्या प्रत्येक चित्रात एक्झिफ नावाची नोंद दडलेली असते, जिच्यात भिंगाचे अंतर, छिद्र, शटर आणि आयएसओ, म्हणजे संवेदनक्षमतेचा अंक, लिहिलेला असतो. गेल्या वर्षाभरातल्या आवडत्या चित्रांची ही नोंद चाळली तर आपण खरोखर रात्री किती वेळा चित्रे घेतो, लांबचे किती, जवळचे किती, हे स्वतःच्याच पुराव्यावरून कळते. पुष्कळांना दूरच्या झूमची हौस असते आणि नोंद मात्र सगळी माणसांच्या चेहऱ्यांची निघते. त्यानंतरच दुकानात जावे आणि कॅमेरा हातात धरून पाहावा, कारण बोटांना न सापडणारे बटण अंधारात असून नसल्यासारखे. कॅमेरा घेताना प्रत्यक्षात भिंगाच्या जोडाची, म्हणजे माउंटची निवड होत असते, आणि ती पुढची कित्येक वर्षे बांधून ठेवते. निकॉनचा एफ जोड १९५९ चा आणि कॅननचा ईएफ १९८७ चा. २०१८ मध्ये दोघांनीही मिररलेससाठी नवे जोड आणले आणि त्यामुळे जुने डीएसएलआर, म्हणजे आरसा असलेले कॅमेरे, व त्यांची भिंगे वापरलेल्या मालाच्या बाजारात रास्त भावात आली आहेत. विद्यार्थ्याने, शाळेने किंवा लहान संस्थेने नव्या कॅमेऱ्याऐवजी अशी जोडी घ्यावी, हेच अधिक शहाणपणाचे आहे; मात्र भिंग उजेडाकडे धरून बुरशी पाहावी, आणि झडप आजवर किती वेळा उघडली तो आकडा विचारावा, कारण ती लाख-दोन लाख उघडझापांसाठीच बनवलेली असते. नव्या कॅमेऱ्यावर १ जानेवारी २०१९ पासून जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. बिलाशिवाय थोडा स्वस्त मिळणारा माल घेतला तर भारतातली वॉरंटी मिळत नाही, आणि पावसाच्या मुलखात ती हातची घालवू नये.

हे सगळे ठरले तरी हवेलीतल्या चित्रणाची एक अट उरते, आणि ती कॅमेऱ्याची नसून माणसांची आहे. चौक ही लग्नघरची पवित्र जागा आहे आणि तारपा हा गावाचा नाच आहे, म्हणून आधी विचारावे, नकार मिळाला तर कॅमेरा पिशवीत ठेवावा, आणि होकार मिळाला तर चित्राबरोबर भिंत लिहिणाऱ्या बाईचे, तारपा वाजवणाऱ्याचे आणि पाड्याचे नाव त्यांच्या संमतीने लिहून ठेवावे, कारण नाव नसलेले चित्र पन्नास वर्षांनी अभ्यासकाच्या फारसे कामाचे राहत नाही. आज तारपा बनवणारी आणि वाजवणारी वडीलधारी माणसे आहेत आणि याच दिवसांत नाच होत आहेत. पुढच्या वर्षी येणाऱ्या नव्या कॅमेऱ्याची वाट पाहण्यात ही रात्र घालवू नये, जो हाताशी आहे त्याला पन्नास मिलिमीटरचे एक भिंग लावावे आणि जावे. आणि परत आल्यावर त्या चित्राची छापील प्रत त्या घरी पोचती करावी. सहा बाय चार इंचांच्या त्या प्रतीला बावीस लाख पिक्सेल पुरतात, आणि तितके गेल्या वीस वर्षांत निघालेल्या जवळजवळ प्रत्येक कॅमेऱ्यात आहेत.